किरणांची परीक्षा

कर्करोगावरील एक मुख्य उपचार म्हणजे किरणोपचार. यात गाठीवर किरणांचा मारा करतात. मात्रा कमी पडली तर गाठ उरते. जास्त झाली तर शेजारच्या निरोगी अवयवांना इजा होते. किरण दिसत नाहीत. चूक झाली तरी रुग्णाला त्या वेळी समजत नाही. म्हणून नुसते महागडे यंत्र आणून भागत नाही. मात्रा मोजणारा माणूस नीट शिकलेला हवा.

तो बरोबर मोजतो का, हे कसे कळणार? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून देशोदेशीच्या रुग्णालयांची परीक्षा घेतात, आणि तीही टपालाने! पूर्वी त्या लहान कुप्यांत लिथियम फ्लोराइडची पूड पाठवीत. रुग्णालय त्यांवर ठरलेली मात्रा सोडून कुप्या परत धाडी. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ सायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेत ती पूड तापवली की चमके. जितकी मात्रा जास्त, तितका प्रकाश जास्त. २०१७ पासून पुडीऐवजी काचेच्या बारीक कांड्या वापरतात.

फरक ५ टक्क्यांहून अधिक निघाला तरी दंड नाही. चूक कुठे झाली ते रुग्णालयाबरोबर शोधतात, पुन्हा मोजायला सांगतात आणि गरज पडल्यास तज्ज्ञ तेथे जाऊन शिकवतात.