हातांची बोली
सतराव्या शतकातील बरोक कलेत, म्हणजे नाट्यमय हालचाल आणि छायाप्रकाशाचा तीव्र विरोध यांवर उभ्या असलेल्या युरोपीय शैलीत, मानवाकृतीचा हात हा केवळ शरीररचनेचा भाग नसून भावनेचा वाहक मानला जात असे. या समजुतीचे एक मूळ वक्तृत्वशास्त्रात होते: पहिल्या शतकातील रोमन आचार्य क्विंटिलियन याने वक्त्याच्या हस्तविक्षेपांचे विवेचन करून ठेवले होते, आणि ती परंपरा पुढे नेत जॉन बुल्वर या इंग्रज वैद्याने १६४४ मध्ये लंडनला सचित्र ग्रंथ काढून हातांची भाषा सर्व मानवजातीला समान असल्याचे मांडले. त्याच्या मते छातीवर ठेवलेला हात म्हणजे मनापासून दिलेली ग्वाही, तर एकमेकांत पिळलेली बोटे म्हणजे शोक.

चित्रकारांनी मात्र अशा कोशांची घोकंपट्टी केली नाही. इटलीतील चेंतो येथे जन्मलेला ग्वेर्चिनो (१५९१–१६६६) एकाच चित्रासाठी पिसाच्या लेखणीने आणि तपकिरी शाईच्या पातळ फटकाऱ्यांनी अनेक कच्ची रेखाटने करी, ज्यांत आकृतींची मांडणी आणि हातांची ठेवण पुन्हापुन्हा बदलून पाहिलेली दिसते; ही पाने त्याच्या पूर्ण झालेल्या चित्रांपेक्षा कित्येकदा अधिक जिवंत वाटतात. हावभावाच्या सामर्थ्यासाठी ज्याचे नाव प्रथम घेतले जाते, त्या काराव्हाज्जोचे निर्विवादपणे त्याचे म्हणता येईल असे एकही रेखाटन मात्र उपलब्ध नाही.