वडीलधाऱ्यांचा सल्ला

ख्रिस्ती मनुष्यानें सल्ला कसा घ्यावा, हें जुन्या करारांतील रहबाम राजाच्या कथेवरून उमगतें. शलमोनाच्या पश्चात् प्रजेनें शखेम येथें आपलें जूं हलकें करण्याची विनवणी केली. राजानें ३ दिवसांची मुदत घेतली व बापाच्या पदरच्या वृद्धांस विचारलें. त्यांनीं सौम्यपणाचा मार्ग सांगितला. तो न रुचल्यामुळें त्यानें बरोबरीच्या तरुणांस विचारलें आणि प्रजेस कठोर उत्तर दिलें. १० वंश फुटून निघाले! विचारण्यांत तो चुकला नाहीं. मनाजोगतें उत्तर मिळेपर्यंत माणसें बदलण्यांत चुकला. शाळा बदलतांना मींही चौघां वडिलांस विचारून पांचव्याचें ऐकलें होतें. तो माझेंच बोलत होता. अर्थात् वयाबरोबर शहाणपण येतेंच असें नाहीं. ईयोबाचे मित्रही चुकले. म्हणून पाळकाकडे जावें तें निश्चय होण्यापूर्वीं, स्वतःची अडचण न लपवितां, आणि मिळालेला सल्ला शास्त्राशीं ताडून पाहावा.