भूअंतर व टायरचा आकार, जुन्या मोटारगाड्यांतील

मोटारगाडीचा सर्वांत खालचा भाग व सपाट जमीन यांमधील उभ्या अंतरास भूअंतर म्हणतात. व्यवहारात ‘ग्राउंड क्लिअरन्स’ हाच शब्द रूढ आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्यासारख्या काळ्या जमिनीच्या भागात पावसाळ्यानंतर कच्च्या वाटांवर खोल चाकोऱ्या पडतात. चाके चाकोरीत उतरली की मधला उंचवटा एंजिनाच्या तेलपात्रावर आपटतो. पात्र फुटून तेल वाहून गेल्यास एंजिन थोड्याच वेळात निकामी होते. त्यामुळे येथे काही मिलिमीटरांचा फरकही महत्त्वाचा ठरतो.

टायरचा व्यास वाढविल्यास भूअंतर त्या वाढीच्या सु. निम्म्याने वाढते. अँबॅसडर गाडीचा मूळ टायर ५·९०–१५ या मापाचा होता. यातील पहिला अंक टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास इंचांत दर्शवितो. जुन्या टायरांच्या काटछेदाची उंची रुंदीच्या सु. ९५ टक्के धरल्यास त्याचा व्यास सु. ६६६ मिमी. येतो. त्याऐवजी १६५/८० आर १५ हा अरीय (रेडियल) टायर बसविल्यास व्यास ६४५ मिमी. होऊन गाडी सु. १० मिमी. खाली येते. शिवाय अरीय टायर भाराखाली अधिक दबतो. वेगमापकही प्रत्यक्षापेक्षा सु. ३ टक्के अधिक वेग दाखवितो. प्रीमियर पद्मिनीच्या ५·२०–१४ या टायरबाबतही असाच हिशेब करावा लागतो.

याउलट, ६·४०–१५ मापाने भूअंतर सु. १२ मिमी. वाढते; परंतु चाकावरील ओढ सु. ४ टक्क्यांनी घटते व बुलढाणा–मोताळा मार्गावरील राजूर घाटासारख्या चढणीवर ती उणीव जाणवते. पूर्ण वळणावर किंवा भरलेल्या गाडीत टायर चाकावरील पत्र्याला घासण्याचाही संभव असतो.

पुष्कळदा दोष टायरचा नसून बसलेल्या कमानींचा असतो, म्हणून त्या आधी तपासाव्यात. कमानी सुधारल्याने एंजिन व सांगाडा वर उचलले जातात. अखंड मागील आसाची दंतचक्रपेटी मात्र आहे त्याच उंचीवर राहते, कारण तिचे भूअंतर केवळ टायरवर अवलंबून असते. एकाच आसावर अरीय व तिरप्या धाग्यांचे टायर एकत्र वापरणे धोक्याचे असते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मूळ मापाचा जुना साठा मिळाल्यास बाजूच्या भिंतीवरील भेगा व निर्मितीचा काळ पाहून घ्यावा. न वापरलेले रबरही वयानुसार कठीण होते.