आम्ही घर दुरुस्तीला काढले

‘घर पाहावे बांधून’ असे ज्याने कुणी म्हटले, त्याने घर दुरुस्त करून पाहिले नसावे. बांधताना समोर निदान मोकळी जमीन असते. दुरुस्तीत मात्र एक खिळा उपटावा तर चार विटा हातात येतात! महाडचे आमचे सासरचे घर दुरुस्त करून घेताना हिशेबाची वही माझ्याकडे होती, म्हणून हे अधिकाराने सांगते.

२०२१ च्या जुलैची २२ तारीख. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या मधोमध बसलेल्या त्या गावात रात्री पाणी चढू लागले. सासूबाई घरात एकट्या, वय अठ्ठ्याहत्तर. शेजारच्या मुलांनी त्यांना उचलून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेले, म्हणून वाचल्या. आम्ही ठाण्यात लागत नसलेला फोन पुन्हा पुन्हा लावीत बसलो होतो. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. त्यापुढे आमच्या भांड्याकुंड्यांचे दुःख काय सांगावे? पाणी ओसरले तेव्हा भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण हातभर खाली राहिलेली दिसली.

“आता ठाण्यालाच चला,” असे ह्यांनी विनवून पाहिले. “पूर कधीतरी येतो रे, तुमच्या लोकलला तर रोज लोंबकळायचे!” असे म्हणून सासूबाईंनी विषय संपवला.

आमची शिल्लक आणि ह्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम मिळून साडेचार लाख रुपये होते. पहिले कंत्राटदार मोटारसायकलवरून आले, दहा मिनिटे घरातून फिरले आणि म्हणाले, “साडेचार लाखांत सगळे चकाचक, वर स्लॅबची एक खोली! पुन्हा पाणी आले तर आजी वर.” नेमके हेच आम्हांला ऐकायचे होते. कागद मागितला तर त्यावर एकच ओळ आणि एकच आकडा. तरीही आम्ही साठ हजारांची उचल दिली. त्यांनी स्वयंपाकघराचा गिलावा खरवडला, एका बाजूची कौले उतरवली आणि दुसऱ्या कामावर गेले ते गेलेच. सारे गाव चिखलात होते. कामगारांना मागणी एवढी की त्यांना आमची आठवण राहण्याचे कारणच नव्हते. राग त्यांच्यापेक्षा स्वतःचाच अधिक आला.

मग ओळखीतून पोलादपूरकडचे एक वयस्क गवंडी आले. पैशांविषयी अवाक्षर न काढता त्यांनी हातोडीने भिंती ठोकून पाहिल्या. “वहिनी, ही दगडमातीची भिंत आहे, आणि पाणी पिऊन बसलीय. हिच्या डोक्यावर स्लॅब देऊ नका.” २०२० च्या ऑगस्टमध्ये याच महाडात पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे दगावली होती, आम्हांला अधिक सांगावे लागले नाही. तरी एका इंजिनिअरला पाच हजार रुपये देऊन विचारून घेतले. त्याने तेच सांगितले. पाच हजार त्या वेळी जिवावर आले होते, आता वाटते की साऱ्या खर्चात तेच सर्वांत स्वस्त पडले.

गवंडीबुवांचे दुसरे म्हणणे, दिवाळीपूर्वी गिलावा नको. ओल्या भिंतीवर सिमेंट थापले की आतली ओल कोंडते, क्षार फुलून येतात आणि पावसाळ्याच्या आत पोपडे सुटतात. वाळूही खाडीची नको, ती खारट असते. सासूबाईंचा दिवाळीचा फराळ त्या वर्षी शेजारणीच्या ओट्यावर झाला. त्यावरून मला काय काय ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

थांबलो त्या दिवसांत मी टेप घेऊन घर मोजले. आमचे स्वयंपाकघर चौदा फूट बाय बारा, भिंती दहा फूट उंच. म्हणजे आतून ५२० चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की ४८३. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, म्हणजे पाच ब्रासच्या आत काम. आणि पहिल्या कंत्राटदारांनी तोंडी सांगितले होते सात! भगिनींनो, साडीचा पन्हा मोजून घेणाऱ्या आपण, भिंत मोजायला का लाजतो कोण जाणे.

मग कागद केला. माल आमचा, मजुरी त्यांची, दर ब्रासवर. जादा काम निघाले तर आधी दर लिहायचा, मग हातोडी उचलायची. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा गेल्यावर. एवढ्यावर गवंडीबुवा गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “माझीही कौले उडालीत, वहिनी. दहा टक्के राखा. पण शनिवारी पोरांची मजुरी अडवू नका.” मी खजील झाले. दर शनिवारी झालेले काम दोघांनी मोजायचे आणि पैसे तिथेच द्यायचे, असे ठरले.

उरलेल्या तीन लाख नव्वद हजारांतले चाळीस हजार मी वहीत ‘अडीअडचण’ म्हणून बाजूला काढले. ह्यांना ते फाजील वाटले. कौलांखालचा एक वासा कुजलेला निघाला आणि चाळीसातले एकतीस तिथेच गेले!

खरा वाद झाला पोटमाळ्यावरून. जुन्या भिंतींवर भार न टाकता, स्वतंत्र पायावर लोखंडी खांब उभे करून, पाण्याच्या खुणेच्या बऱ्याच वर एक माळा आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना चढवेल असा रुंद पायऱ्यांचा जिना; खर्च नव्वद हजार. एवढे काढायचे तर चकचकीत फरशी, नवा ओटा, खोट्या छताची हौस, सारे सोडावे लागत होते. मी सोडले. जुनी शहाबादी फरशी घासून पुन्हा बसवली. विजेची बटणे मात्र खुणेच्या वर नेली. नणंदबाई आल्या नि म्हणाल्या, “एवढे पैसे घालून घर होते तसेच दिसते की!”

पुढल्या पावसाळ्यानंतर गवंडीबुवा दहा टक्के न्यायला आले. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, जिना चढून वर डोकावले आणि हसत खाली आले. माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंनी तिथे पापड-कुरडयांचे डबे, दोन गाद्या आणि लग्नातले घंगाळ रचून ठेवले होते. तेव्हापासून मे संपत आला की आम्ही दोघे महाडला जातो आणि त्यांच्याशी भांडून माळा रिकामा करतो.