टीव्हीवर लॅपटॉपच्या चित्राची किनार का कापली जाते?

लॅपटॉप टीव्हीला जोडण्यात आता नवल राहिलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळेचे वर्ग घरात भरू लागले, तेव्हा लहान पडद्याकडे तासन् तास टक लावून बसणाऱ्या मुलांसाठी अनेक घरांत एचडीएमआय केबल आली आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीचा फळा झाला. मात्र केबल जोडल्यावर पुष्कळदा एक विचित्र अनुभव येतो. चित्र उमटते, आवाजही येतो. पण खालची टास्कबार अर्धीच दिसते, विंडो बंद करण्याची फुली सापडत नाही आणि हिशेबाच्या तक्त्यातील शेवटचा रकाना कडेबाहेर गेलेला असतो. चित्रपट पाहताना हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु मुलाला गणिताची पहिली ओळच दिसत नसेल, किंवा परदेशातील नातवाशी बोलू पाहणाऱ्या आजोबांना माइक सुरू करण्याचे बटण सापडत नसेल, तर ती गैरसोय लहान राहत नाही.

अशा वेळी प्रथम संशय घेतला जातो तो लॅपटॉपवर आणि त्यानंतर केबलवर. मग दुकानातून अधिक महागडी केबल येते आणि चित्र तसेच राहते. एचडीएमआय केबलमधून चित्र अंकांच्या स्वरूपात जाते. केबल सदोष असेल तर चित्रात ठिपके चमकतील, ते मधूनच तुटेल किंवा पडदा काळा पडेल. चारही बाजूंनी सारखी किनार कापणे केबलला शक्यच नाही. ते काम टीव्ही करतो आणि हेतुपुरस्सर करतो. या कृतीला ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात.

तिचे मूळ शोधण्यासाठी चित्रनलिकेच्या काळात जावे लागते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत प्रक्षेपण आले. त्या वेळचे संच काचेच्या जड नलिकेचे होते. नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर रेषा ओढत जाई आणि त्या रेषांतून चित्र तयार होई. हा झोत नेमका कडेपर्यंतच पोहोचेल याची हमी कोणताही कारखाना देऊ शकत नसे. संच तापला, जुना झाला किंवा विजेचा दाब उतरला की चित्र आकसे. टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवणाऱ्या पिढीला हे सांगावयास नको. आकसलेल्या चित्राभोवती काळी चौकट दिसू नये म्हणून चित्र मुळातच पडद्यापेक्षा थोडे मोठे रेखाटले जाई आणि त्याची किनार चौकटीमागे दडे. कार्यक्रम तयार करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. त्यामुळे नावे आणि अक्षरे चित्राच्या मधल्या सुमारे ८० टक्के भागातच ठेवण्याचा दंडक पडला होता.

सपाट पडद्याच्या संचांत झोत नाही आणि आकसणेही नाही. प्रत्येक बिंदूची जागा ठरलेली असते. तरीही ही सवय टिकली. जुन्या प्रक्षेपणाच्या चित्राच्या कडांना बरीच अस्वच्छता असे आणि ती झाकण्यासाठी उत्पादकांनी किनार कापणे चालू ठेवले. लॅपटॉपचे चित्र मात्र कडेपर्यंत कामाचे असते. टीव्हीला हा फरक आपोआप कळतोच असे नाही. चित्रासोबत त्याचे स्वरूप सांगणारी थोडी माहितीही लॅपटॉपकडून पाठविता येते, पण अनेक संच तिकडे लक्ष देत नाहीत.

कापले किती जाते? १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राची प्रत्येक बाजू अडीच टक्क्यांनी कापली, तर डावी-उजवीकडे ४८-४८ आणि वर-खाली २७-२७ बिंदू नाहीसे होतात. विंडोज ११ मधील टास्कबार १०० टक्के प्रमाणावर ४८ बिंदू उंच असते. म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग गेला. इतकेच नव्हे, तर उरलेले १८२४ गुणिले १०२६ बिंदूंचे चित्र ताणून पुन्हा पूर्ण पडद्यावर पसरविले जाते. एका बिंदूला एक बिंदू हे नाते तुटते आणि अक्षरे किंचित पुसट होतात. डोळ्यांना होणाऱ्या त्रासाचे कारण अनेकदा हेच असते.

किनार खरोखरच कापली जात आहे का, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. माउसचा बाण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात न्यावा. चित्र पूर्ण असेल तर बाण तेथे टोकासह दिसत राहतो. कापले जात असेल तर तो दृष्टीआड होतो. उजव्या किंवा खालच्या कडेला ही परीक्षा घेऊ नये, कारण निर्दोष पडद्यावरही बाणाचे अंग तेथे बाहेर जाते.

उपाय टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. चित्राच्या आकाराचा पर्याय ‘पिक्चर साइज’, ‘स्क्रीन’ किंवा ‘आस्पेक्ट रेशो’ अशा नावाखाली सापडतो. दुर्दैवाने प्रत्येक कंपनीने एकाच गोष्टीचे निराळे बारसे केले आहे. सॅमसंगच्या संचांत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’, सोनीमध्ये ‘डिस्प्ले एरिया’खाली ‘फुल पिक्सेल’, शार्पमध्ये ‘डॉट बाय डॉट’, फिलिप्समध्ये ‘अनस्केल्ड’ अशी ही नावे आहेत. पॅनासॉनिकच्या काही संचांत ‘ओव्हरस्कॅन’ हाच शब्द असून तो बंद करावा लागतो. हा पर्याय फिका दिसून निवडता येत नसेल, तर चित्र ‘झूम’ किंवा तत्सम आकारात अडकलेले असण्याचा संभव असतो. आधी ‘१६:९’ निवडावे. काही संचांत त्या एचडीएमआय जोडणीला ‘पीसी’ असे नाव दिल्यावर टीव्ही आपणहून किनार कापणे थांबवितो आणि रंगीत अक्षरेही अधिक रेखीव दिसतात.

पुष्कळ जण याऐवजी लॅपटॉपमधील ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरकडे वळतात. इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया या तिघांच्याही सॉफ्टवेअरमध्ये चित्र लहान करण्याची सोय असते. मॅकमध्येही काही टीव्हींसाठी ‘अंडरस्कॅन’ची पट्टी दिसते. चित्र तेवढे आक्रसले की कडा दिसू लागतात. पण हा रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला असा प्रकार आहे. लॅपटॉप चित्र लहान करतो, टीव्ही ते पुन्हा मोठे करतो आणि दोन्ही वेळा अक्षरांची धार बोथट होते. टीव्हीत कोणताही पर्याय नसलेल्या जुन्या संचापुरताच हा मार्ग राखून ठेवलेला बरा.

याच्या उलट तक्रारही आढळते. चित्र पूर्ण दिसते, पण चारही बाजूंना काळी चौकट राहते. पूर्वीच्या एएमडी ग्राफिक्समध्ये तर ही चौकट एचडीएमआय जोडताच हजर होई, कारण टीव्ही किनार कापणारच असे सॉफ्टवेअर गृहीत धरीत असे. तेथे ‘स्केलिंग’ची पट्टी शून्यावर आणली की चित्र कडेला भिडते. काळे पट्टे केवळ डाव्या-उजव्या बाजूंना असतील तर मात्र तो बिघाड नव्हे. टीव्हीचा पडदा १६:९ प्रमाणाचा असतो. बरेच लॅपटॉप १६:१० चे, काही ३:२ चे आहेत. १२८० गुणिले ८०० चे चित्र १०८० बिंदूंच्या उंचीत बसविले तर त्याची रुंदी १७२८ होते आणि दोन्हीकडे ९६ बिंदू मोकळे राहतात. ते भरण्यासाठी ‘वाइड’चा पर्याय निवडला की माणसे जाड आणि वर्तुळे लंबगोल दिसू लागतात. त्यापेक्षा विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे. मग लॅपटॉपला स्वतःच्या पडद्याची पर्वा करावी लागत नाही आणि टीव्हीचे मूळ रेझोल्यूशन देता येते.

हे मूळ रेझोल्यूशन कोणते, हे मात्र पाहून घ्यावे. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या अनेक संचांचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा आहे. एचडीएमआयमधून ते १२८० गुणिले ७२० किंवा १९२० गुणिले १०८० चे चित्र घेतात आणि स्वतःच्या मापात बसवितात. अशा संचावर सर्व काही नीट जुळविले तरी बारीक अक्षरे काचेसारखी स्वच्छ दिसत नाहीत. त्यांना जुनी व्हीजीए जोडणी असेल, तर १३६० गुणिले ७६८ वर अनेकदा अधिक स्पष्ट चित्र मिळते. ते एका बाजूला सरकलेले दिसल्यास ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ करावे. फोर-के संचावर अडचण वेगळी असते. अक्षरे इतकी लहान होतात, की सोफ्यावरून वाचता येत नाहीत. तेव्हा रेझोल्यूशन न उतरविता विंडोजमधील ‘स्केल’ २०० किंवा ३०० टक्के करावे.

बहुतेक संच ही मांडणी प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्रपणे लक्षात ठेवतात. त्यामुळे केबल एका एचडीएमआय छिद्रातून काढून दुसऱ्यात घातली आणि टास्कबार पुन्हा नाहीशी झाली, तर काही बिघडले असे समजू नये. त्या छिद्रासाठी तोच पर्याय पुन्हा एकदा निवडावा लागतो.