बांधावरच्या बाभळीला शिसवी रंग

लग्नाचे सामान पाहायला बारामतीच्या दुकानात शिरलेले कुटुंब आधी रंग पाहते, मग किंमत विचारते. दिवाण काळपट, गडद हवा असतो. या रंगाचा मान जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर शिसवाचे कोरीव फर्निचर बनवत आणि साहेबलोक ते हौसेने घेत. आज दुकानात दिसणारा तो रंग पुष्कळदा लाकडाचा नसतोच. भुसा दाबून केलेल्या फळीवर गडद कागद चिकटवलेला असतो; पाणी लागले की कडा फुगतात. मुलीच्या निकाहनंतर बाप मात्र त्याचेच हप्ते फेडत राहतो.

तिकडे गावात बांधावर बाभूळ उभी असते. 1880 च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, पुढे ऊस आला, माळेगावला आणि भवानीनगरला साखर कारखाने झाले, तरी बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यातून बाभूळ काही गेली नाही. आपल्या आजोबांनी तिची औते केली, गाडीची चाके केली. आता ती बहुधा चुलीत जाते, याचे वाईट वाटते. लाकूड जड आणि चिवट असते, आणि गडद व्हायला लागणारी गोष्ट तिच्या अंगातच असते.

ती गोष्ट म्हणजे टॅनिन, तुरट द्रव्य. कातडे कमावायला बाभळीची साल वापरत ती यामुळेच. टॅनिनला लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर तो काळा पडतो, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. इथेही तेच करायचे आहे.

अर्धा लिटर पांढरा सिरका काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत घ्यावा आणि त्यात मूठभर गंजलेले खिळे टाकावेत. लेथवाल्याकडचा लोखंडाचा कीस मिळाला तर जास्त चांगले. भांडी घासायची चकाकणारी स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही. बरणीचे झाकण सैल ठेवावे, कारण आत पेट घेणारा वायू सुटतो. चुलीजवळ तर बरणी ठेवूच नये. आठवड्याने पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर काळ्या रंगासाठी गूळपाण्यात लोखंड आंबवतात. गूळ आपल्याकडे भरपूर आहे, पण आंबवणाबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी सिरकाच घ्यावा. तो दस्तरखानावरचाच आहे.

खरी मेहनत रंगात नाही, घासण्यात आहे. लाकूड सावलीत पूर्ण वाळलेले हवे. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220. नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. तंतू उभे राहतात ते पुन्हा 220 ने हलके घासावेत. हे टाळले तर रंग दिल्यावर हाताला खरखर लागते, आणि तेव्हा घासायला गेले की रंगच निघतो. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल खरवडून काढावा, त्याच्यावर रंग धरत नाही.

आता हातमोजे घालून ब्रशने पाणी लावावे. पहिल्या मिनिटाला काहीच झाले नाही असे वाटेल. घाई करू नये. हवा लागली की डोळ्यांदेखत लाकूड करडे, मग काळपट होत जाते. गाभ्याचे लाकूड खूप गडद होते, सालीलगतचे पांढरे लाकूड फिके राहते. पांढऱ्या भागाला कीडही लवकर लागते, म्हणून कापतानाच तो काढलेला बरा. प्रत्येक झाडाचा रंग थोडा वेगळा येतो. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर पाहावे.

एमआयडीसीतून भंगारात येणाऱ्या पेट्यांचे लाकूड असेल तर त्यात टॅनिन कमी असते. त्यासाठी हिरडा. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत तो गोळा होतो. हिरड्याची पूड पाण्यात उकळून, गाळून आधी त्याचा हात द्यावा, वाळल्यावर लोखंडाचे पाणी. पेटीवर एमबी असा शिक्का असेल तर ते लाकूड घरात आणू नये, त्याला विषारी धूर दिलेला असतो. एचटी म्हणजे फक्त उष्णता दिलेली.

वाळल्यावर लाकूड राखेसारखे निस्तेज दिसते आणि करणाऱ्याचा जीव थोडा होतो. जवसाच्या डबल बॉइल तेलाचा पातळ हात पडला की खरा रंग वर येतो, आतल्या रेषाही दिसतात. जादा तेल पुसून घ्यावे, एक दिवस सोडून दुसरा हात, मग तिसरा. तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

हात बसवायचा तर एखादी रेहल किंवा पाट आधी करून पाहावा. एका फळीतून कापलेल्या रेहलवर हा रंग फार शोभतो. कुणी याचा धंदा करणार असेल तर गिऱ्हाइकाला लाकूड बाभळीचे आहे हे सांगून विकावे. भिजलेले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला हुजूर (स.) यांनी टोकल्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

तेल आतपर्यंत सुकायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून दिवाण निकाहच्या तारखेच्या दीड महिना तरी आधी रंगवावा, आणि पहिले काही दिवस त्यावर पांढरी चादर टाकू नये.