दोर धरणाऱ्याकडे बघा

फॉर्टीनाइनर पाण्यात एकटी सोडली तर आडवी होते. शीड चढवलेली ही होडी उभी ठेवायला दोन माणसांचं वजन लागतंच. लांबी ४.९९ मीटर, त्यावरून हे नाव. ऑस्ट्रेलियाच्या ज्युलियन बेथवेट यांनी तिचा आराखडा केला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. लहान शिडांची एफएक्स २०१६ साली महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये आली.

मुंबई बंदरातल्या हौशी शर्यतींत मी पंचांच्या बोटीवर झेंडे सांभाळतो. प्रेक्षक सुकाणू धरणाऱ्याकडेच बघतात, हे मला कधीच पटलं नाही. फॉर्टीनाइनरमध्ये तर खरं इंजिन पुढचा गडी असतो, त्याला क्रू म्हणतात.

वाऱ्याच्या विरुद्ध चढताना दोघेही कमरेचा हूक डोलकाठीच्या तारेत अडकवून होडीच्या पंखावर पाय रोवतात आणि अंग बाहेर, पाण्यावर झोकून देतात. मोठ्या शिडाचा दोर क्रूच्या मुठीत. झोत आला की तो क्षणात सैल सोडायचा, झोत गेला की पुन्हा ओढायचा. उशीर झाला तर दोघेही पाण्यात. वाऱ्याकडच्या बोयाला वळसा घातला की क्रू तारेवरून आत धावतो आणि जेनेकर नावाचं फुगीर शीड हातांनी सरासर वर ओढतो. हे कापड ३८ चौरस मीटर, म्हणजे मुंबईतल्या वन-रूम-किचनपेक्षा मोठं! ते फुगलं की होडी उसळते, आणि क्रू तोवर पुन्हा तारेवर गेलेला असतो.

शर्यत सुरू होते ती झेंड्यांवर. पाच मिनिटं उरली की वर्गाचा झेंडा, चार मिनिटांवर सहसा निळ्यात पांढरा चौकोन असलेला दुसरा. शेवटच्या मिनिटाला तो उतरतो आणि रेषेमागे नुसती झुंबड. घाईने रेषा ओलांडली तर मागे फिरावं लागतं. समोरासमोर आल्यावर उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याचा हक्क पहिला. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. सर्वांत कमी गुण ज्याचे तो विजेता, आणि सर्वांत वाईट शर्यत वगळतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये अखेरची दुप्पट गुणांची शर्यत पहिल्या दहा जोड्यांची होती. तिथे ब्रिटनचे फ्लेचर-बिथेल आणि न्यूझीलंडचे बर्लिंग-ट्यूक ५८ गुणांवर बरोबरीत राहिले. ती शेवटची शर्यत जिंकल्याने सुवर्ण ब्रिटनला गेलं.

आपल्याकडेही ही होडी नवी नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एफएक्समध्ये वर्षा गौतम आणि मुंबईच्या श्वेता शेर्वेगर यांनी रौप्य मिळवलं. गणपती आणि वरुण ठक्कर यांनी फॉर्टीनाइनरमध्ये कांस्य जिंकलं, पुढे टोकियो ऑलिंपिकही गाठलं.

२०२८ ला लॉस एंजेलिसची शर्यत टीव्हीवर लागली तर सुकाणूवरची नजर जरा पुढे न्या. वारा वाढताच दोर धरलेला तो हात काय करतो, एवढंच बघत राहा. शर्यत आपोआप कळायला लागेल.